रॉकेटच्या घन इंधनातून क्लोरीन कसा हटवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघर इथल्या कॉलेजांत आणि वाचनालयांत मी रॉकेटच्या घन इंधनावर बोलते. नंतर येणारे प्रश्न बरेचदा तेच असतात, म्हणून ते उत्तरांसह इथे एकत्र ठेवले आहेत. बारावीपर्यंतचं रसायनशास्त्र आठवत असेल तर पुरे. पदार्थ बनवायच्या कृती इथे मिळणार नाहीत, त्याचं कारण प्रश्न १४ मध्ये आहे.

१. रॉकेटमध्ये इंधन असतंच ना? मग ऑक्सिडायझर वेगळा कशाला?

इंधन जळायला ऑक्सिजन लागतो. गाडी तो हवेतून घेते, विमानही हवेतूनच घेतं. रॉकेट काही मिनिटांत हवा नसलेल्या उंचीवर पोचतं, आणि घन इंधनाची मोटर इतक्या झपाट्याने जळते की बाहेरची हवा तिला पुरणारही नाही. म्हणून ऑक्सिजन बरोबर न्यावा लागतो, तोही घन रूपात. ऑक्सिजन भरपूर असलेले आणि तापल्यावर तो सोडणारे क्षार हे काम करतात.

मोटरमधल्या मिश्रणात मुख्य तीन गोष्टी असतात: ऑक्सिडायझरचे स्फटिक, ॲल्युमिनियमची पूड आणि या सगळ्याला धरून ठेवणारं रबर. हे रबर आपल्याकडे बहुतेक वेळा एचटीपीबी असतं, आणि ते स्वतःही इंधन म्हणून जळतं. सगळं कालवून दाट रबडी करतात, मोटरच्या कवचात ओततात आणि काही दिवस उबेला ठेवून घट्ट होऊ देतात. वजनाने पाहिलं तर सर्वांत मोठा वाटा ऑक्सिडायझरचा. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बूस्टरमध्ये तो ६९.६ टक्के होता.

२. यात क्लोरीन येतो कुठून, आणि किती?

आज जगभर वापरला जाणारा ऑक्सिडायझर म्हणजे अमोनियम पर्क्लोरेट, थोडक्यात एपी. त्याच्या वजनात सुमारे ३० टक्के क्लोरीन असतो. जळल्यावर त्यातला बहुतेक क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड वायू होऊन बाहेर पडतो.

हिशेब तुम्हीच करून पाहा. एक टन एपीमागे साधारण ३१० किलो हायड्रोजन क्लोराइड. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असतं. त्यात दोन-तृतीयांश एपी धरला तर एका उड्डाणात त्या टप्प्यातून २८ टनांच्या आसपास हायड्रोजन क्लोराइड निघतो. इस्रोच्याच एलव्हीएम३ या मोठ्या रॉकेटच्या दोन एस२०० बूस्टरमध्ये मिळून ४१० टनांच्या घरात इंधन, म्हणजे तोच आकडा ८५ टनांच्या आसपास. स्पेस शटलच्या एका उड्डाणात तो २०० टनांच्या वर जायचा.

३. हा धूर खरोखर एवढा वाईट आहे का? ओझोनला भोक पडतं म्हणतात ते खरं का?

जमिनीजवळचा परिणाम स्पष्ट आहे. हायड्रोजन क्लोराइडला पाण्याची वाफ मिळाली की हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब होतात. शटलच्या उड्डाणांनंतर केनेडी स्पेस सेंटरच्या तळालगतच्या उथळ पाण्यात मासे मेल्याच्या नोंदी आहेत, जवळच्या झाडांची पानं करपल्याच्याही आहेत. हा त्रास तळाच्या आसपास राहतो.

ओझोनबाबत नीट बोलायला हवं. घन इंधनाची रॉकेटं क्लोरीन आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण थेट ओझोनच्या थरात सोडतात. धुराच्या मार्गावर ओझोन काही काळ घटतो आणि मग हवा मिसळली की भरून येतो. पृथ्वीभरचा एकूण ऱ्हास पाहिला तर रॉकेटांचा आजचा वाटा एक टक्क्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. त्यामुळे "इस्रोच्या रॉकेटमुळे ओझोन संपतोय" हे वाक्य मी खोडून काढते. उड्डाणांची संख्या मात्र जगभर वाढते आहे आणि एवढ्या उंचीवर क्लोरीन सोडणारी दुसरी मानवी यंत्रणा नाही, म्हणून आजचा वाटा लहान असला तरी प्रश्न खरा आहे.

माझ्या मते एपीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा आकाशात नाही, तो विहिरीत आहे. तो पुढच्या प्रश्नात.

४. एपी विहिरीच्या पाण्यात कसा जातो? त्याने काय होतं?

पर्क्लोरेट पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि साध्या भूजलात वर्षानुवर्षं तसंच राहतं. कारखान्यातलं धुणं, जुन्या मोटरमधलं इंधन काढताना वापरलेलं पाणी, सांडलेली पूड हे सगळं निचरा होऊन खाली जातं आणि भूजलाबरोबर पुढे सरकतं.

शरीरात गेल्यावर ते थायरॉइड ग्रंथीत आयोडीनच्या वाटेवर उभं राहतं. आयोडीन आत घेणारी जी यंत्रणा आहे तीच ते अडवतं. आयोडीन पुरेसं असलेल्या निरोगी माणसाला थोड्या प्रमाणाने लगेच काही होत नाही. काळजी आहे ती गरोदर बायका, तान्ही बाळं आणि आयोडीन कमी पडणाऱ्यांची, कारण बाळाच्या मेंदूच्या वाढीला थायरॉइडचं संप्रेरक लागतं.

सर्वांत माहितीचं उदाहरण अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या हेंडरसनचं. तिथे दशकानुदशकं पर्क्लोरेट बनत होतं. १९९७ मध्ये मोजमापाची पद्धत सुधारली आणि लेक मीड व कोलोराडो नदीत ते असल्याचं उघड झालं. त्या नदीचं पाणी कोट्यवधी लोक पितात. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाने पिण्याच्या पाण्यात लिटरला ६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. आपल्याकडेही केरळात, एपी बनणाऱ्या आलुव्याजवळच्या कीळमाड भागातल्या विहिरींत पर्क्लोरेट आढळलं आहे.

ते नाहीसं करता येतं. काही जिवाणू पर्क्लोरेटमधला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि मागे साधं क्लोराइड उरतं. अमेरिकेत या जिवाणूंवर चालणारे पाणीशुद्धी प्रकल्प आहेत. पण खर्च मोठा आणि काम वर्षांचं.

५. घरच्या आरओने पर्क्लोरेट जातं का? उकळून जातं का?

आरओने बराच भाग जातो. उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि क्षार तेवढाच राहतो.

६. एवढं सगळं माहीत असूनही जग एपीच का वापरतं?

हा प्रश्न रागाने विचारला जातो. त्याचं उत्तर समजलं की बाकीचा विषय आपोआप उलगडतो.

एपीत ऑक्सिजन भरपूर आहे. १०० ग्रॅम एपी स्वतःची गरज भागवून सुमारे ३४ ग्रॅम ऑक्सिजन दुसऱ्यांसाठी मोकळा करतो. पुढच्या प्रश्नातल्या कुठल्याही पर्यायाकडे एवढा नाही. त्याची घनता १.९५ आहे, म्हणजे कमी जागेत जास्त माल बसतो. तो जळून पूर्ण वायू होतो, राख ठेवत नाही. इथवर कागदावरचे गुण झाले.

कागदावर न दिसणारे गुण जास्त मोलाचे आहेत. एपी हवेतली ओल फारशी धरत नाही. रोजच्या तापमानात त्याच्या स्फटिकाचा आकार बदलत नाही. तो गोलसर, हव्या त्या मापाच्या दाण्यांत मिळतो, त्यामुळे मोठे आणि बारीक दाणे मिसळून रबडी ओतण्याजोगी ठेवता येते. एचटीपीबी घट्ट करणाऱ्या रसायनांशी तो भांडत नाही. दाण्याचं माप बदलून किंवा चिमूटभर आयर्न ऑक्साइड घालून ज्वलनाचा वेग हवा तसा बसवता येतो. दाब वाढला तरी तो वेग बेताने वाढतो, म्हणून मोटर ताळ्यावर राहते. कोठारात वर्षानुवर्षं ठेवलेली मोटर पेटवली तर ती अपेक्षेप्रमाणेच जळते.

१९४० च्या दशकापासून पर्क्लोरेटांवर काम झालं आहे. नव्या ऑक्सिडायझरला ही सगळी परीक्षा एकदम द्यायची असते, आणि बहुतेक उमेदवार शेवटच्या चार-पाच गुणांवर नापास होतात. बातम्यांत फक्त "शक्ती किती" एवढंच येतं, म्हणून लोकांना वाटतं की पर्याय दाबून ठेवला आहे.

एपी निरुपद्रवी आहे असाही अर्थ काढू नका. चॅलेंजर अपघातानंतर शटलची उड्डाणं थांबली, तेव्हा हेंडरसनच्या पेपकॉन कारखान्यात एपीचा साठा वाढत गेला. ४ मे १९८८ रोजी तिथे आग लागून प्रचंड स्फोट झाले आणि दोन माणसं गेली.

७. क्लोरीन नसलेले पर्याय कोणते?

गंभीरपणे अभ्यासलेली तीन नावं: अमोनियम नायट्रेट, अमोनियम डायनायट्रामाइड आणि हायड्राझिनियम नायट्रोफॉर्मेट. पुढे त्यांना अनुक्रमे एएन, एडीएन आणि एचएनएफ म्हणते. १०० ग्रॅममागे मोकळा होणारा ऑक्सिजन अनुक्रमे सुमारे २०, २६ आणि १३ ग्रॅम. घनता १.७२, १.८१ आणि १.८६. एकेकाचं बरं-वाईट प्रश्न ८ ते ११ मध्ये आहे.

८. अमोनियम नायट्रेट तर आपल्या तळोज्यातच बनतं. स्वस्तही आहे. मग तेच का नाही वापरत?

नवी मुंबईत हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. एएन स्वस्त आहे, टनांनी मिळतं, त्यात क्लोरीनचा अंशही नाही. काही वायुजनक यंत्रणांत आणि कमी शक्तीच्या मोटरमध्ये ते वापरलंही जातं. मोठ्या रॉकेटसाठी मात्र चार अडचणी आहेत.

पहिली अडचण ३२ अंश सेल्सिअसची. या तापमानाला एएनच्या स्फटिकाची रचना बदलते आणि त्याचं आकारमान सुमारे साडेतीन ते चार टक्क्यांनी वाढतं. थंड झालं की परत आकसतं. ठाण्यात मार्च-एप्रिलमध्ये दुपारी ३५ आणि पहाटे २४ असणं नेहमीचं, म्हणजे कोठारातल्या मोटरमध्ये हा फुगण्या-आकसण्याचा खेळ दिवसागणिक चालू राहील. दाणे फुटतात, रबरापासून सुटतात, इंधनाला भेगा जातात. भेग म्हणजे जळायला जास्तीची जागा. पेटवल्यावर दाब एकदम चढतो आणि कवच फाटू शकतं. यावर उपाय आहे: पोटॅशियम नायट्रेट किंवा काही धातूंची ऑक्साइडं थोड्या प्रमाणात घालून हा बदल नेहमीच्या तापमानापासून दूर ढकलता येतो. अशा स्थिर केलेल्या एएनवर बरंच काम झालं आहे.

दुसरी अडचण ओलीची, ती प्रश्न १० मध्ये.

तिसरी, ते मंद जळतं. ज्वाळा एपीच्या ज्वाळेपेक्षा थंड असते, ॲल्युमिनियमचे कण एकमेकांना चिकटून मोठे गोळे होतात आणि पुरते न जळताच बाहेर पडतात. चौथी अडचण यातूनच येते: एकूण रेटा कमी पडतो. तेवढाच उपग्रह न्यायला जास्त इंधन आणि जड कवच लागतं, म्हणजे क्लोरीन वाचवताना पोलाद आणि उड्डाणं वाढतात. हा व्यवहार मला पटत नाही. एएन एकट्याने एपीची जागा घेईल असं मला वाटत नाही. एडीएनचा जोडीदार म्हणून त्याला अर्थ आहे. युरोपात ग्रेल नावाच्या प्रकल्पात २०१५ पासून हीच जोडी तपासली गेली.

९. एडीएन म्हणजे काय? ते एवढं चांगलं असेल तर अडलंय कुठे?

एडीएन पहिल्यांदा १९७१ मध्ये मॉस्कोच्या झेलिन्स्की संस्थेत तयार झालं आणि सोव्हिएत गुपित म्हणून दडून राहिलं. १९८० च्या दशकाअखेर अमेरिकेत ते स्वतंत्रपणे पुन्हा सापडलं. पुढे स्वीडनने ते उत्पादनापर्यंत नेलं. त्याच्या रेणूत फक्त नायट्रोजन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन आहे. योग्य रबर आणि ॲल्युमिनियमबरोबर त्याचा सैद्धांतिक रेटा एपीपेक्षा सरस निघतो. पर्यावरण आणि कामगिरी दोन्ही एका दिशेला जातात असा हा विरळा उमेदवार आहे, आणि माझी आशा त्याच्यावरच आहे.

आता अडचणी. त्याचे स्फटिक कारखान्यातून सुया किंवा चपट्या पापुद्र्यांसारखे येतात. अशा आकाराचा माल रबडीत घातला की ती इतकी घट्ट होते की ओतताच येत नाही. म्हणून ते वितळवून त्याचे गोल दाणे करावे लागतात. ते वितळतं ९३ अंशांच्या आसपास, म्हणजे प्रक्रियेत उष्णतेला मोकळीक फार कमी. एचटीपीबी घट्ट करायला जी आयसोसायनेट रसायनं वापरतात त्यांच्याशी एडीएन प्रतिक्रिया देतं. मग रबरच बदलायचं: जीएपीसारखं ऊर्जादायी बहुलक घ्यायचं, किंवा घट्ट करायची पद्धत बदलायची. जीएपी थंडीत कडक होतं, म्हणजे नवा प्रश्न. शिवाय दाब वाढला की एडीएनच्या इंधनाचा ज्वलनवेग फार भराभर वाढतो. वेग वाढला की दाब आणखी वाढतो. हा वेग लगामात ठेवणं हे या क्षेत्रातलं आजचं सर्वांत कठीण काम आहे.

२०११ मध्ये सुरू झालेल्या युरोपच्या हिस्प प्रकल्पाने याच गाठी सोडवायला घेतल्या होत्या. द्रव रूपात मात्र एडीएनने बाजी मारली: स्वीडनच्या प्रिझ्मा उपग्रहावर २०१० मध्ये एडीएनवर आधारित द्रव इंधन अंतराळात वापरलं गेलं. बातमीत "एडीएनवर उपग्रह चालतो" असं वाचलं तर ते हे. घन मोटरशी त्याची गल्लत करू नका.

१०. आमच्याकडच्या पावसाळ्यात हे पदार्थ टिकतील का?

उघड्यावर नाही. जुलैत आपल्याकडे डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, त्यापेक्षा कितीतरी लवकर यांना सुटतं. साधारण २५ अंशांना हवेतली आर्द्रता ५५ टक्क्यांच्या वर गेली की एडीएन ओल धरून विरघळू लागतं. एएनची मर्यादा ३० अंशांना ६० टक्क्यांच्या जरा खाली आहे. खाडीकाठी पावसाळ्यात आर्द्रता ८० च्या वर असते, म्हणजे दोघांनाही वर्षातले कितीतरी महिने दार बंद.

ओल धरलेले दाणे गठ्ठा होतात, रबराशी पकड सुटते, आणि घट्ट करणारं रसायन पाण्याशीच प्रतिक्रिया देऊन वायूचे बुडबुडे सोडतं. म्हणून सुकी हवा खेळवलेल्या बंद खोलीत काम करावं लागतं आणि दाण्यांना पातळ लेप द्यावा लागतो. एकदा मोटर भरून सीलबंद झाली की धोका बराच कमी होतो.

स्वीडनसारख्या थंड देशात ही अडचण यादीत खाली असेल. आपल्याकडे श्रीहरिकोटा काय, थुंबा काय, केंद्रं समुद्राकाठीच आहेत. म्हणून भारतासाठी हिरवा ऑक्सिडायझर निवडताना ओलीचा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, रेट्याचे तक्ते नंतर. दाण्याचा लेप आणि सुकी प्रक्रिया यांवर होणारं संशोधन बातम्यांत येत नाही, पण निकाल तिथेच लागणार आहे.

११. एचएनएफचं पुढे काय झालं?

नेदरलँड्समध्ये त्यावर बरंच काम झालं. स्फटिक सुयांसारखे, घासल्यावर पेट घेण्याची भीती मोठी, आणि बनवायला विषारी हायड्राझिन लागतं. आज तो शर्यतीत मागे आहे.

१२. क्लोरीन नाही म्हणजे "हिरवा" असं धरायचं का? सीएल-२० मध्येही क्लोरीन नाही, मग तो का नाही यादीत?

दोन वेगळे प्रश्न आहेत. सीएल-२० आणि एचएमएक्स हे शक्तिशाली स्फोटक पदार्थ आहेत, पण त्यांच्याकडे वाटायला ऑक्सिजन उरत नाही. पूर्ण जळायला त्यांना स्वतःलाच कमी पडतो. ते मिश्रणात ऊर्जा वाढवतात, ऑक्सिडायझरची जागा घेत नाहीत. "नवा क्लोरीनमुक्त ऑक्सिडायझर" अशी बातमी आली की आधी मोकळ्या ऑक्सिजनचा आकडा शोधा. तो शून्याखाली असेल तर मथळा चुकला आहे.

हिरवेपणाचं म्हणाल तर धुरातून क्लोरीन गेला तरी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण राहतात आणि नायट्रोजनची ऑक्साइडंही थोडीफार बनतात. पदार्थ बनवताना लागणारी आम्लं, द्रावकं, सांडपाणी, मुदत संपलेल्या मोटरची विल्हेवाट हे सगळं मोजायला हवं. एचएनएफचं उदाहरण वर आहेच: धूर स्वच्छ, पण कामगाराच्या हाताखाली हायड्राझिन. ते मला हिरवं म्हणवत नाही.

१३. एपी ठेवून नुसतं आम्ल कमी करता येत नाही का?

येतं. मिश्रणात सोडियम नायट्रेट घातलं की क्लोरीन मिठाच्या रूपात बाहेर पडतो. मॅग्नेशियम वापरून धुरातलं आम्ल नंतर निष्प्रभ करण्याचेही प्रयोग झाले आहेत. तळाजवळचा आम्लाचा त्रास याने घटतो, रेटाही थोडा घटतो. कारखान्याजवळच्या विहिरींचा प्रश्न (प्रश्न ४) मात्र जागच्या जागी राहतो, कारण एपी बनतोच आहे.

१४. प्रोजेक्टसाठी थोडं एडीएन बनवता येईल का? साखर आणि पोटॅशियम नायट्रेटचं रॉकेट तर क्लोरीनमुक्तच आहे ना?

साखरेचं रॉकेट क्लोरीनमुक्त आहे हे खरं. तरीही दोन्हींचं उत्तर नाही. अशी मिश्रणं शिजवताना पेटतात आणि हात-डोळे जातात. कायद्यानेही परवान्याशिवाय स्फोटक किंवा प्रणोदक बनवणं, बाळगणं गुन्हा आहे: १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम त्याला लागू होतात. एएनसाठी २०१२ चे वेगळे नियम आहेत. विकत घ्यायला, साठवायला, न्यायला सगळ्याला परवाना लागतो. २०२० मध्ये बैरुत बंदरात २,७५० टन एएनने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. परवान्यांचं काम पाहणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं पश्चिम विभागाचं कार्यालय सीबीडी बेलापूरलाच आहे.

प्रोजेक्टच करायचा असेल तर गणिताचा करा. ज्वलनाचं समतोल गणित सोडवणारे मोफत संगणकीय कार्यक्रम आहेत. एपीच्या जागी एएन आणि एडीएन ठेवून रेटा, तापमान, धुराची घटकद्रव्यं काढा. किंवा मीठ, युरिया असे साधे पदार्थ वेगवेगळ्या आर्द्रतेत ठेवून किती ओल धरतात ते तोलून पाहा. दुसरा प्रयोग फार शिकवून जातो.

१५. दिवाळीतले ग्रीन फटाके म्हणजे हेच तंत्रज्ञान का?

नाही. सीएसआयआर-नीरीने विकसित केलेल्या त्या फटाक्यांचा रोख मुख्यतः धूळ-धुराचे कण कमी करण्यावर आहे.

१६. द्रव इंधनाची रॉकेटं वापरली की प्रश्नच मिटला, नाही का?

द्रव ऑक्सिजन आणि हायड्रोजन किंवा मिथेन वापरणाऱ्या इंजिनांत क्लोरीन नसतो, हे बरोबर. पण उड्डाणाच्या पहिल्या क्षणी मोठा रेटा स्वस्तात आणि साध्या रचनेत मिळतो तो घन मोटरकडून. क्षेपणास्त्रं वर्षानुवर्षं भरलेली ठेवावी लागतात, तिथे घन इंधनाला तोड नाही. युरोपच्या एरियान ६ चे आणि अमेरिकेच्या एसएलएसचे बूस्टरही आज एपीवरच चालतात.

१७. सैन्याला यात रस का? पर्यावरणासाठी?

मुख्यतः धुरासाठी. हायड्रोजन क्लोराइड हवेतली वाफ ओढून पांढरी रेघ उमटवतो आणि क्षेपणास्त्र कुठून सुटलं ते दिसतं. क्लोरीन गेला तर ही रेघ पुष्कळ फिकी होते. या संशोधनाला पैसा मिळतो त्यामागे हे मोठं कारण आहे.

१८. भारतात यावर काम कुठे होतं? मला यात शिरायचं असेल तर काय शिकू?

पुण्याच्या पाषाणमधल्या डीआरडीओच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेने एडीएनवर संशोधन केलं आहे. इस्रोचं घन इंधनाचं मुख्य ज्ञान तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात आहे. मोठ्या बूस्टरमधून एपी हटायला बराच वेळ लागेल. बदल आधी लहान मोटर, वरचे टप्पे आणि कमी धुराची क्षेपणास्त्रं यांत येईल असा माझा अंदाज आहे.

शिकायचं म्हणाल तर बहुतेक मुलं "नवा रेणू शोधायचाय" म्हणून येतात. माणसं कमी पडतात ती इतरत्र: स्फटिकाला हवा तो आकार देणारे, बहुलक रसायनशास्त्र जाणणारे, दाण्यांवरचा लेप आणि रबडीचा प्रवाह समजणारे, सांडपाण्यातलं पर्क्लोरेट मोजणारे आणि नष्ट करणारे. माटुंग्याची आयसीटी आणि पवईची आयआयटी यांपैकी बरंच शिकवतात. तळोजा किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायन कारखान्यात स्फटिकीकरणाच्या विभागात काम केलेलं असेल तर तो अनुभव अर्जात ठळकपणे लिहा.